नऊ जणांची मंडळी

किल्ली माझ्याकडे असते. वीतभर लांब, लोखंडी,
खिशात टाकली की कोट एका अंगाला ओढला जातो.
शनिवारी दुपारीच दार उघडते मी,
म्हणजे भिंतींतला गारठा थोडा तरी बाहेर जाईल.
जात नाही.
तरी उघडते.

ट्रान्सिल्व्हेनियाच्या टेकड्यांत हे गाव.
देवळाभोवती तट, तटाला बुरूज,
बुरुजात खुंट्या, खुंट्यांखाली घरांचे आकडे.
घरोघरचं खारवलेलं मांस इथं टांगलेलं असायचं;
रविवारची उपासना संपली की ज्यानं त्यानं
आठवडाभराचा तुकडा कापून न्यायचा.
चोरी एकदाच झाली म्हणतात, युद्धाच्या वर्षी.
चोर कोण ते सगळ्यांना कळलं,
आणि त्याच्या खुंटीला कुणी तरी रात्रीतून मांस अडकवलं.
आता एकशे बेचाळीस खुंट्या आणि एक वटवाघूळ.

बाकीचे सगळे जर्मनीला गेले, नव्वद सालच्या हिवाळ्यात,
बिछाने बांधून, कुत्री शेजाऱ्यांच्या हवाली करून.
उन्हाळ्यात येतात. कबरींवरची फुलं बदलतात,
माझ्या हातात नोटा कोंबू पाहतात.
मग ऑक्टोबर लागतो,
अक्रोडाची पानं काळी पडून अंगणात चिकटतात
आणि मंडळी म्हणजे आम्ही नऊ.

कापणीच्या आभाराचा रविवार.
वेदीपुढं मीशनं मक्याची कणसं ठेवली,
अस्वलांनी खाऊन उरलेली, असं तो स्वतःच म्हणाला.
ट्रूडीनं बटाटे. सात. मोजून सात.
रोझिनामावशीनं बिही आणली, लोकरीच्या फडक्यानं
एकेका फळाची लव पुसून, पिवळीधमक.
उंबऱ्यावर व्हियोरिकाची वांग्याच्या चटणीची बरणी.
ती आमच्या पंथाची नाही, आत येत नाही;
बरणी मात्र कधी चुकली नाही.

पाळकांकडे सात गावं आणि एक खोकणारी मोटार.
आल्या आल्या दर वेळी म्हणतात,
पुढं या ना सगळे, शेगडीजवळ बसा.
कुणी हलत नाही.
जिथं आई बसायची तिथं आपण बसायचं,
मधे पाच बाकं रिकामी असली तरी.
मीही हलत नाही, उगाच खोटं कशाला सांगू?

मीश बसायचा वर, पुरुषांच्या सज्जात, एकटा.
त्याचा खर्ज आमच्यापर्यंत पोचेतो
आमची ओळ संपलेली असे.
यंदा त्याच्या गुडघ्यानं जिना नाकारला.
टोपी हातात घेऊन तो पहिल्या पायरीशी उभा राहिला.
अठ्ठावन्न वर्षांत बायकांच्या बाकांकडे
त्यानं धड पाहिलंही नव्हतं.
पाळक पुस्तकाची पानं उलटत राहिले, उगाचच.

रोझिनामावशीनं मान वळवली नाही.
फक्त शाल आवरली, आणि शेजारची जागा थोपटली.
तिच्या धाकट्या बहिणीची जागा,
जिच्यावर ती कुणाला हातमोजेसुद्धा ठेवू देत नाही.

मीश बसला.
स्तोत्र सुरू झालं, आणि पहिल्यांदाच आम्हांला कळलं
की हा माणूस बेसूर गातो.
ट्रूडी हसली, मग मीही. मावशी हसली नाही,
ती त्याच्याच सुरात गाऊ लागली.
वर सज्जा रिकामा.
हेही त्याच दिवशी झालं.

प्रार्थनेत पाळकांनी पावसाचे आभार मानले, उन्हाचे, धान्याचे.
मी मनात गुडघ्याचे मानले,
मग वाटलं, हे बरं नव्हे,
आणि गुडघ्यासाठी मागितलंही.

सगळे गेल्यावर बिही तशीच राहू दिली.
नाताळच्या आधीपर्यंत वास टिकतो,
ओल, मेण आणि उंदरांच्या वर.

आमेनच्या वेळी मी मोजलं होतं: नऊ.
पाळक धरून दहा.
घंटा वाजवणारा योनुत्स, व्हियोरिकाचा नातू,
दोर सोडून दारातच उभा होता, शेवटपर्यंत, टोपी काढून.
त्याला धरायचं की नाही,
यावर रोझिनामावशीचा आणि माझा
अजून वाद चालू आहे.
ती म्हणते, अकरा.